आजीची ट्रंक आणि वंशावळीत नसलेल्या तिघी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. परळच्या चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना आजींच्या कॉटखाली निळी पत्र्याची ट्रंक निघाली. आत साठ-सत्तर फोटो, पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक मोठा फोटो, एक पदक, नाव घातलेला पितळी तांब्या, मोडी लिपीतला एक स्टँपपेपर आणि एक तेलकट जाड वही. गाव सातारा जिल्ह्यातलं. पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’, म्हणजे पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये, गेलेले, आजोबा गिरणीत, वडील बँकेत. मुलीच्या लग्नाआधी घराण्याचा इतिहास पुस्तकरूपात करायचाय, पण थोरल्या चुलत्यांनी दिलेल्या वंशावळीत सात पिढ्यांचे फक्त पुरुष आहेत. सुरुवात कुठून करू, तारखा कशा लावू आणि हे सगळं टिकवू कसं, असं तुम्ही विचारलंय.

जुने फोटो आणि घरगुती कागद यांचंच काम मी गेली सत्तावीस वर्षं करतेय. तुम्ही पाठवलेली सगळी छायाचित्रं मोठी करून पाहिली. ट्रंक फार बोलकी आहे. पण पहिलं काम ट्रंकेशी बसून करायचं नाही, गावाला जायचंय. आजोबांची धाकटी बहीण, तुमच्या आत्याआजी, अजून आहेत आणि त्यांना आठवतं, असं तुम्ही लिहिलंत. नव्वदी उलटलेल्या माणसाकडे जायचं काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. माझ्या स्वतःच्या आत्याला दाखवायचे म्हणून काढून ठेवलेले चौदा फोटो माझ्या कपाटात दिवाळीपासून होळीपर्यंत राहिले आणि ती गेली. त्यातल्या पाच बायका कोण, हे सांगू शकणारं आता कुणीही उरलेलं नाही. त्या पाकिटावर मी आजही तारीख लिहून ठेवलेली आहे.

जाताना मूळ फोटो नेऊ नका, मोबाइलवरही दाखवू नका. स्कॅन करून मोठ्या कागदावर छापून न्या, हातात धरता आले पाहिजेत. पंखा बंद करा, फोन रेकॉर्डिंगला लावून जवळ ठेवा आणि ‘हा कोण, ही कोण’ अशी हजेरी घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला नाव आठवलं नाही की ते ओशाळतं आणि गप्प बसतं. त्याऐवजी विचारा, हे लुगडं कोणत्या रंगाचं होतं? या ओट्याच्या मागं काय होतं, गोठा की परस? लुगड्याचा रंग आठवला की नेसणारी आठवते, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

आता वस्तूंकडे. ट्रंक तुम्ही रिकामी करून बसलाय, तरी आठवेल तेवढं आज रात्रीच लिहून काढा: वर काय होतं, तळाला काय होतं, कशात काय गुंडाळलं होतं. पदक खणाच्या तुकड्यात बांधलेलं होतं, हे तुम्ही सहज म्हणून सांगितलंत. माझ्या लेखी ते फार महत्त्वाचं आहे. तो तुकडा टाकू नका, धुऊ नका. नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं पदक कुणीतरी बाईनं स्वतःच्या चोळीच्या खणात बांधून ठेवलं, एवढं तरी त्यावरून कळतं.

पदकाच्या तुम्ही फक्त दोन बाजू पाठवल्यात. एकीकडे पंचम जॉर्जचं मस्तक, दुसरीकडे घोड्यावरचा पुरुष आणि १९१४, १९१८ ही वर्षं. हे ब्रिटिश युद्धपदक. चांदीचं दिसतंय. मजूर दळातल्या माणसांना हेच पदक ब्राँझचं मिळे, तेव्हा तुमचे पणजोबा लढाऊ पलटणीत असण्याची शक्यता जास्त. पण खरी माहिती तिसऱ्या बाजूला आहे, म्हणजे कडेवर. रुपयाच्या नाण्याला जिथं दाते असतात, तिथं या पदकावर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक उभं धरा, खिडकीतला उजेड आडवा येऊ द्या आणि हळूहळू फिरवत वाचा. कृपा करून घासू नका. चांदी उजळवण्याच्या हौसेत कडेवरची अक्षरं गुळगुळीत झालेली पदकं मी पाहिली आहेत, आणि दागिन्यासाठी सोनाराकडे आटवलेली तर किती, त्याला गणतीच नाही. तुमच्याकडचं वाचलं, हे भाग्य समजा.

पलटणीचं नाव कळलं की पुष्कळ काही उलगडतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. हीच डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कूत-अल-अमाऱ्याला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. कैद झालेल्यांपैकी पुष्कळजण परत आले नाहीत. पणजोबा याच तिन्हींपैकी एकीत असतील तर ते कूतमध्ये सापडले का, की आधीच जखमी होऊन मागे आले, की मागाहून भरती झाले, हा पुढचा शोध. १०५ किंवा ११४ मराठा निघाली तर गोष्ट वेगळी, आणि १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार निघाली तर आणखी वेगळी. गावच्या चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या भिंतीत एखादा संगमरवरी दगड आहे का, तेही बघा. या गावातून महायुद्धाला अमुक माणसं गेली, त्यातली इतकी कामी आली, असे दगड साताऱ्याच्या आणि कोकणाच्या कितीतरी गावांत आहेत. नावं नसतात, नुसते आकडे. पण त्या आकड्यातला एक तुमचा आहे.

मोडी कागद मी वाचला, आणि खरं सांगते, त्यानंतर दोन दिवस दुसरं काम हातात धरवलं नाही. ते गहाणखत आहे. सुरुवात ‘शके १८४० कालयुक्तनाम संवत्सरे’, महिना कार्तिक शुद्ध. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१८, आणि कार्तिक शुद्ध म्हणजे त्या नोव्हेंबरचा पूर्वार्ध. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी परत येतं. त्यामुळे शकाचा आकडा पुसट असला तरी नावावरून वर्ष ताडून घेता येतं. इथं दोन्ही जुळतात. आता त्या वर्षी काय चाललं होतं ते आठवा. पाऊस दगा देऊन गेलेला, आणि भाद्रपद-आश्विनात मानमोडीची साथ, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, गावंच्या गावं झोपवून गेलेला. महायुद्ध ११ नोव्हेंबरला थांबलं, पण बसऱ्याचे शिपाई लगेच घरी आले नव्हते. अशा कार्तिकात तुमच्या घरानं साठ रुपयांना जमीन गहाण टाकली.

कुणी टाकली? तुम्ही गृहीत धरलंय की पणजोबांनी, कारण कागदावर त्यांचं नाव दिसतं. नाव आहे, पण ‘मुलगा लढाईवर असल्याकारणाने’ या ओघात. लिहून देणारी बाई आहे. जुन्या कागदात ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा, आणि ‘अमुक कोम तमुक’ म्हणजे तमुकची बायको. इथं ‘कोम’च्या पुढं जे नाव आहे ते वंशावळीत पणजोबांच्या वरच्या रकान्यात आहे. म्हणजे ही पणजोबांची आई, तुमची खापरपणजी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तुमच्या घरचं आहे, तुम्हाला वेगळं कळवलंय. चुलत्यांच्या वंशावळीत ते नाही.

कागदाच्या शेवटी उजव्या अंगाला पाहा. त्याहून जुन्या दस्तांत सही न येणारा शेतकरी नांगराची निशाणी करी, बाई बांगडीची. या कागदात काळा-जांभळा ठिपका आहे आणि शेजारी लिहिणाऱ्यानं लिहिलंय, डावे हाताचा आंगठा. मोठा करून बघा. रेषा दिसतात. मधोमध एक आडवी पांढरी चीर आहे, तिथं शाई लागलेली नाही. विळ्याचा जुना घाव असावा, असं मला वाटतं. या बाईचा फोटो निघाला असेल असं वाटत नाही, चेहरा कुणालाच माहीत नाही. पण तिच्या अंगठ्यावरचा घाव तुमच्या घरात शंभर वर्षं पडून आहे. तुमच्या पुस्तकात पूर्ण पान द्यायचं झालं तर मी या अंगठ्याला देईन.

जमीन सुटली का, हे फेरफारांत मिळेल. आताचा गट नंबर घेऊन गेलात तर जुन्या नोंदी लागणार नाहीत, आधी जुना सर्व्हे नंबर तलाठ्याकडून काढून घ्या आणि मग तहसीलच्या अभिलेख कक्षात बसा. बाकीचे मोडी कागद निघाले आणि वाचणारं कुणी सापडलं नाही तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्गही असतात. मुलीला पाठवा, तरुण डोळ्यांना मोडी लवकर बसते.

आता पुठ्ठ्यावरचा फोटो. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा हा जाड पुठ्ठा, याला कॅबिनेट कार्ड म्हणत. मागं रंगवलेला पडदा, खांब, जिना. गणवेशातले पणजोबा खुर्चीत, शेजारी एक बाई उभी, आणि स्टुलावर दोनेक वर्षांचं पोर, हललेलं, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. तुम्ही खाली ओळ लिहून टाकलीत, ‘पणजोबा, पणजी आणि आजोबा’. ती ओळ तूर्त पेन्सिलनं सुद्धा लिहू नका. कारण पणजोबांच्या छातीवर पदकाची फीत नाही. ती पदकं युद्धानंतर मिळाली, म्हणजे फोटो बहुधा लढाईआधीचा, फार तर ती चालू असतानाचा, निघण्यापूर्वी काढून ठेवलेला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२५ आहे. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, मास्तर शाळेत नाव घालताना तीच लिहीत, तेव्हा दिवस-महिना सोडून द्या. वर्ष दोन-तीन इकडंतिकडं होईल, पण दहा होणार नाही. स्टुलावरचं पोर तुमचे आजोबा असणं शक्य नाही.

मग ही बाई कोण? तांब्या बाहेर काढा. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं आहेत, छिन्नी आणि हातोडी घेऊन एकेक ठिपका ठोकलेली. हल्ली भांड्याच्या दुकानात यंत्रानं सलग रेघेत नाव घालून देतात, ती पद्धत नंतरची. तुमच्या फोटोत मला ‘सौ.’, मग तीन अक्षरी नाव, मग ‘हीस’, आणि सन १९१२ एवढं लागलं. भांड्यावरचं नाव पुष्कळदा आहेर देणाऱ्याचं असतं, तिथं लोक फसतात. पण ‘हीस’ असलं की ते घेणारीचं. आणि हे नाव तुमच्या पणजीचं, म्हणजे आजोबांच्या आईचं, नाही.

यातून तीन वाटा फुटतात. लग्नात नाव बदललं असेल, माहेरची यमुना सासरी लक्ष्मी झाली असं घरोघरी होतं. पण ‘सौ.’ लागलंय म्हणजे नाव सासरचंच असायला हवं, म्हणून ही वाट मला कच्ची वाटते. दुसरं, तांब्या भंगारातून विकत घेतलेला असेल. तेही होतं, पण भंगारातला तांब्या कुणी पदकाशेजारी जपून ठेवत नाही. तिसरी वाट अशी, की पणजोबांचं पहिलं लग्न झालेलं होतं. बायको १९१२ ची, पोर १९१३-१४ चं, फोटो त्यानंतरचा. पुढं काहीतरी झालं, आणि तुमची पणजी या घरात दुसरी म्हणून आली. गहाणखताचं वर्ष पाहता मानमोडीचा संशय येतो. पण हा संशयच आहे, पुस्तकात तसंच लिहा, ‘असावं’ असं.

पडताळा घ्यायला दोन जागा आहेत. एक, गाव नमुना १४, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, त्यातली १९१८ ते १९२० ची मृत्यूंची पानं. ती मोडीत असतील आणि सप्टेंबरपासून पुढं नोंदींची रांगच रांग दिसेल, मन घट्ट करून बसा. दुसरी जागा गावच्या घरातलं देवघर. दुसरेपणाच्या बायकोनं आधीच्या मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे ठसा उमटवलेला छोटा पत्रा, करून तो गळ्यात घालायचा किंवा देव्हाऱ्यात पुजायचा, ही प्रथा आपल्याकडे होती. देवांच्या टाकांत एखादा छोटा, झिजलेला, बाईचा टाक आहे का, आणि तो कुणाचा म्हणून पुजतात, एवढंच आत्याआजींना विचारा. ‘पणजोबांची दोन लग्नं झाली होती का’ असं तोंडावर विचारू नका. त्यांच्या आईचा प्रश्न आहे तो.

तिसरी बाई तुमच्या अगदी जवळची आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मला खटकलं. ‘आजी घरीच असायची.’ ती तेलकट वही मी पान-पान पाहिली. ती खानावळीची वही आहे. डावीकडे चौदा नावं, प्रत्येकापुढं ‘पहिली पाळी’, ‘दुसरी’, ‘रातपाळी’, आणि पुढं महिन्याचे रकाने. ज्या वेळी माणूस जेवला नाही तिथं आडवी रेघ, तो खाडा. महिनाअखेर खाडे वजा करून पैसे. गावाकडून आलेले, गाळ्यात दाटीवाटीनं राहणारे चौदा पुरुष तुमच्या आजींच्या हातचं दोन वेळा जेवत होते, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, जिथं पुढं तुमचे वडील जन्मले. गिरणगाव उभं राहिलं ते अशाच बायकांच्या चुलींवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, तोवर त्यांच्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. घरातही नाही, असं दिसतं.

वहीवर साल कुठंच नाही, पण ती स्वतःच साल सांगते. पहिल्या निम्म्या वहीत हिशोब जुन्या खुणांत आहे, उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे, आडवी म्हणजे आणा. मध्ये एक पान येतं, त्यावर फक्त चार ओळी: १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. तिथून पुढं सगळे ‘न.पै.’. म्हणजे ते पान १ एप्रिल १९५७ च्या आसपासचं, नवे पैसे चालू झाले तेव्हाचं. तीन आण्यांचे अठरा की एकोणीस, हा घोळ तेव्हा बाजारात सगळ्यांचाच होत होता. आजींनी तो आकडा दोनदा गिरवलाय.

मग मी मागं मोजत गेले. महिने लिहिलेले आहेत, त्यामुळे जमलं. जानेवारी १९५६ च्या पानावर तिसऱ्या आठवड्यात सगळ्या चौदा नावांपुढं सलग रेघा आहेत. त्याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्रापासून तोडायच्या निर्णयावर शहर पेटलं होतं आणि गोळीबारात माणसं पडत होती. ही माणसं कर्फ्यूमुळे पोचली नाहीत, की रस्त्यावर होती, की आजींनी चूलच पेटवली नाही? फेब्रुवारीत तेरा नावं आहेत. चौदावा गावी गेला असेल, नोकरी सुटली असेल, काहीही झालं असेल. माझी हात जोडून विनंती आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला हुतात्मा म्हणून त्याचं नाव लगेच छापू नका. १०६ हुतात्म्यांची यादी प्रसिद्ध आहे, आधी तीत नाव पाहा. आणि तुमच्या थोरल्या आत्यांना विचारा. त्या तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील, आणि वहीची काही पानं लहान मुलाच्या गोल, दाबून काढलेल्या अक्षरांत आहेत, मागं सातचा पाढा आहे. मला वाटतं आई सांगत होती आणि लेक लिहीत होती. हे खरं निघालं तर तो हस्ताक्षराचा नमुना त्यांच्याकडूनच ओळखून घ्या, त्यांना वही हातात द्या आणि थोडा वेळ काही विचारू नका.

बाकीच्या फोटोंना एवढा वेळ लागणार नाही. सव्वादोन इंची चौकोनी काळेपांढरे ते १२० फिल्मवरचे, एका रोलला बारा. बहुधा अॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातले, साठ-सत्तरच्या दशकांतले. फोटोंच्या मागचे स्टुडिओचे शिक्के जरूर बघा. ‘मुंबई १२’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असण्याचा संभव जास्त, ‘४०० ०१२’ असेल तर नक्की नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी आला. लालसर पडलेले रंगीत फोटो सत्तर-ऐंशीतले. त्या काळच्या रंगांतला निळा-हिरवा आधी उडतो, म्हणून सगळ्यांचे चेहरे तांबडे दिसतात. स्कॅन केल्यावर ते बरेचसे सुधारता येतात. आणखी एक: तुमच्या अल्बममध्ये १९८२ ते १९८५ या काळातला एकही फोटो मला दिसला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तुमच्या घरी त्या तीन वर्षांत फोटो काढण्यासारखं काही घडलं नाही की फोटोला पैसे नव्हते? पुस्तकात ते पान कोरं सोडलंत तरी चालेल, खाली फक्त सालं लिहा.

आता टिकवण्याचं. काळ्या पानांचा अल्बम आहे तो उसकटू नका, तो धडधाकट आहे. पण चिकट पानांवर पारदर्शक प्लास्टिक ओढायचे जे अल्बम ऐंशीत निघाले, त्यातले फोटो शक्य तेवढे सोडवा. मागून दात साफ करायचा धागा करवतीसारखा हळू फिरवा, निघत नसेल तर पानासकट कापून ठेवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागं बॉलपेन नको. मऊ पेन्सिलीनं, कडेला, फोटो काचेवर पालथा ठेवून लिहा. काचेला चिकटलेला आजोबांचा फ्रेममधला फोटो ओढायला जाऊ नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा. स्कॅन ६०० डीपीआयला, पाठीचाही, कोरी असली तरी. तांब्याला चिंच नाही, पावडर नाही. डांबराच्या गोळ्या फोटोंत नकोत. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, फोटोंना लागू देऊ नका. ठेवायची जागा माळा नाही आणि बाहेरची भिंत नाही, मुंबईच्या पावसाळ्यात दोन्हीकडे ओल येते. धुतलेल्या, बिननिळीच्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या कपाटाच्या मधल्या खणात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह, आणि त्या पिशव्या दरवर्षी बदला. नेगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते पाकीट त्याच दिवशी वेगळं काढा.

पाण्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण ते आमच्या घरचं दुःख आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याला आमच्या आजोळच्या घरात पाणी छातीपर्यंत आलं. दोन दिवसांनी फोटोंचा गठ्ठा सापडला, तसाच गच्चीवर उन्हात वाळत ठेवला. आज त्याची वीट झाली आहे. जिलेटिनचा थर वाळताना एकमेकांना धरून बसतो आणि मग परत सुटत नाही. आईचं लहानपण त्या विटेत आहे. तुमच्याकडे कधी पाणी शिरलंच, तर ओले फोटो स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, दीड-दोन दिवसांच्या आत पाण्यातच एकेक सुटा करा, आणि सावलीत चेहरा वर करून वाळवा.

एक फोटो तुम्ही पाठवायला कचरत होतात, कात्रीनं एक माणूस कापून काढलेला. खांद्यावर हात तेवढा उरलाय. तो फोटो पुस्तकात घ्या किंवा घेऊ नका, तो निर्णय हयात माणसांना विचारून करा. पण टाकू नका, आणि संगणकावर तो हात पुसून तर मुळीच टाकू नका. कापणाऱ्यालाही तो हात काढता आला नाही.

आणि वंशावळ. चुलत्यांनी कष्टानं केलेली आहे, ती जशी आहे तशी छापा. तिच्यापुढच्या पानावर दुसरी करा, बायकांकडून. वर खापरपणजी, अंगठ्यासकट. मग तांब्यावरची, नावासकट, प्रश्नचिन्हासकट. मग पणजी. मग आजी, चौदा मेंबरांची खानावळ चालवणारी. मग आत्या आणि आई, माहेरच्या नावांसह, गावांसह. मुलीचं नाव त्याच पानावर येऊ द्या, लग्नपत्रिकेत आडनाव कोणतंही छापा.

ट्रंक मात्र अजून रंगवायला देऊ नका, तुम्ही तसं म्हणालात म्हणून घाईनं लिहितेय. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या रंगाचा पोपडा उडालाय, आणि खालच्या काळ्यावर मला पांढऱ्या रंगाची दोन उभी टोकं दिसतात. पलटणीतून आणलेल्या ट्रंकांवर क्रमांक आणि नाव रंगवलेलं असे. ते पदकाच्या कडेशी जुळवता येईल. खरवडू नका, थिनर लावू नका. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च झाकणाच्या कडेला अगदी आडवी टेकवा, आणि चारी बाजूंनी एकेक फोटो काढून पाठवा.